उतरल्याची रिंग

हौसाबाईंचा फोन कोनाड्यात एकदाच वाजला आणि गप्प झाला. त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. भाकरी थापायचं काम चालूच राहिलं.

“तुमचा फोन वाजला,” मी म्हटलं.

“व्हय. चढलं त्ये.”

“कोण?”

“आमचं मालक. टावरवर चढलं.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. “आता उतरलं की आणि एकदा वाजंल.”

“आणि नाही वाजला तर?”

“तासाभरात न्हाई वाजला तर मी दिराला घिऊन जाती बघाय. एकदा गेलो हुतो. आग्या मोहळ उठलं हुतं, वरच अडाकलं हुतं बिचारं.”

ही दोन हजार तेरा सालातली गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची होते आणि मोबाइल कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून पाटणच्या डोंगरात, कारवीसडा नावाच्या पंधरा घरांच्या वस्तीवर आले होते. हौसाबाईंचे पती धाकू येडगे आमच्या टॉवरांची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला होते. बारा टॉवर त्यांच्याकडे. त्यातला एक त्यांच्याच वस्तीच्या वर, घरापासून अर्ध्या तासाच्या चढावर. त्या दिवशी ते टोकावरचा लाल दिवा बदलायला चढले होते आणि मी त्यांच्या घरात ऊन चुकवत बसले होते. टॉवरवर काम करताना दोन माणसं हवीत असा नियम आहे. कंत्राटदार एकच पाठवायचा, आणि दुसऱ्या माणसाचं काम कोनाड्यातली ही रिंग करायची. हे मला त्या दिवशीच कळलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मी पुढे कधीच म्हणू शकत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

पाऊण तासाने फोन पुन्हा एकदा वाजून थांबला. हौसाबाईंनी ताटं मांडायला घेतली.

येडगे घामाने निथळत आले. चाळिशीचा, काटक, हसऱ्या तोंडाचा माणूस. जेवताना ते वस्तीची गंमत सांगायला लागले.

“म्याडम, आमच्यात कुणी फोन उचलतच न्हाई. उचलला की पैसं जात्यात. खालच्या संपत जीपवाल्याला एक रिंग दिली म्हंजी दूध तयार हाय. दोन दिल्या म्हंजी माणूस दवाखान्यात न्यायचाय. नर्सबाईला तीन. समदं रिंगवर चालतंय.”

“आणि रिंगच आली नाही तर?”

“मग समदं बरं हाय.”

हौसाबाई हसल्या. “ह्यांची तेवढी न्हाई आली की बरं न्हाई.”

माझा घास हातातच राहिला. माझ्या लॅपटॉपवर कारवीसड्याची एक ओळ होती. सकाळी दहा ते दुपारी चार, बोललेली मिनिटं शून्य. त्या शून्यावर भरवसा ठेवून मी डोंगर चढून आले होते.

निघताना हौसाबाई जीपपर्यंत आल्या. “खाली पोचला की एक रिंग द्या. घाट वंगाळ हाय. आमी उचलणार न्हाई, तुमचं पैसं जायाचं न्हाईत.”

मी हो म्हटलं. पाटणला पोचेपर्यंत साहेबांचे नऊ मेल आले होते आणि मी विसरले. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचे सुपरवायझर पिसाळ फोनवर म्हणाले, की रिंग आली नाही म्हणून येडगे संध्याकाळी घाट उतरून थेट डांबरी रस्त्यापर्यंत चालत आले होते, जीप कुठे कलंडली का बघायला. मला त्याची गंमत वाटली. ऑफिसात दोघातिघांना मी ती हसून सांगितलीही.

माझं काम काय होतं ते सांगते. तोवर प्रत्येक टॉवरच्या पायथ्याला एक खोली असायची. तिच्यात यंत्रं, यंत्रांना थंड ठेवायला एसी, आणि कुणी बोलो न बोलो, दिवसभर वीज खाणं चालू. मी मांडलेल्या नव्या रचनेत ती खोलीच उडवली होती. चौसष्ट टॉवरांचा मिळून एक मेंदू कऱ्हाडला, आणि प्रत्येक टॉवरपाशी उरणार ती फक्त एक लहान पेटी. तीही वर, खांबाच्या टोकाला, अँटेनाच्या पाठीशी. जिथे लोक बोलतात तिकडे ताकद वळवायची, जिथे बोलत नाहीत तिथला टॉवर तेवढा वेळ निजवायचा. “जाळं लवचीक झालं पाहिजे,” असं आमचे विभागप्रमुख मणेरीकर सर दर बैठकीत म्हणायचे. या चौसष्ट टॉवरांवर वीस टक्के वीज वाचवून दाखवतो, असं त्यांनी वरच्यांना सांगितलं होतं. वाचली तर हीच रचना देशभर जाणार होती, आणि त्या कामाची प्रमुख मी.

कारवीसड्याहून आल्यावर मी नोंदींमधला असा एक रकाना उघडला, जो कुणीच उघडत नसे. वाजलेले पण न उचललेले फोन. कारवीसड्याच्या ओळीत तिथे एकशे बारा होते. रोजचे. डोंगरातल्या अशा टॉवरांची मी मोजणी केली, ते एकोणीस निघाले.

मी ते घेऊन मणेरीकर सरांकडे गेले.

“न उचललेला फोन म्हणजे वापर का, राजसी?” त्यांनी विचारलं.

“त्या लोकांचा तोच वापर आहे, सर.”

“तो धरला तर किती टॉवर निजवता येतील?”

“एक्केचाळीसऐवजी बावीस.”

“बचत?”

“नऊ-दहा टक्के.”

सरांनी खुर्ची थोडी मागे ढकलली. “आणि तो नाही धरला तर?”

“अठरा. वीसला अडवतोय तो कान.”

कान हे मीच ठेवलेलं नाव. टॉवर निजला तरी त्याचा एक बारीकसा भाग जागा राहणार. कुणी फोन लावायला गेलं की त्याने ते ऐकायचं आणि टॉवरला उठवायचं. पहिल्या आराखड्यात मी तो घातला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

“कान किती खातो?”

“तीन टक्के.”

“निर्णय तुझा आहे,” सर म्हणाले. “मी फक्त आकडे विचारतोय.”

असं म्हणणाऱ्या माणसाला काय हवंय हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. मी जागेवर आले, तो रकाना काढून टाकला आणि मग कानही काढला. मला बरं वाटलं. आराखडा एकदम नीटस दिसायला लागला. एकवीस टक्के.

पुढच्या महिन्यात कऱ्हाडला तंत्रज्ञांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं, पहिल्या रांगेत मणेरीकर सर, भिंतीशी पिसाळ. मी नवी रचना समजावून सांगितली. पेटी आता टोकाला आहे, तेव्हा बिघाड झाला की चढावं लागेल. आणि चढायचं ते टॉवर निजलेला असतानाच, दहा ते चार, म्हणजे जाग्या टॉवरवरचं कुणाचं बोलणं तुटणार नाही. हा नियमही माझाच. सरांनी तेव्हा कौतुकाने मान हलवली होती.

मागच्या रांगेतून येडगे उभे राहिले.

“म्याडम, टावर निजलेला आसंल तर उतरल्याची रिंग कशी जायाची?”

“कसली रिंग?” सरांनी मागे वळून विचारलं.

येडगेंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. “म्याडमना ठावं हाय. घरी आल्या हुत्या त्या. आमची मंडळी रिंगची वाट बघती, त्येंनी सोता बघितलंय.”

त्या वेळी मला जे वाटलं तो निव्वळ संताप होता. जे मी काढून टाकलं होतं ते हा माणूस साहेबांसमोर, भरल्या हॉलमध्ये, माझाच साक्षीदार असल्यासारखा पुन्हा टेबलावर ठेवत होता.

“येडगे,” मी म्हटलं, “एक वेळ जेवायला घातलंत म्हणून तुमचा टॉवर जागा ठेवायचा का मी?”

लोक हसले. येडगे खाली बसले नाहीत.

“तसं न्हाई, म्याडम. म्या एकटाच आस्तुया वर. दिवसभराचं न्हाई म्हणत. म्या चढंन तेवढा वेळ टावर जागा ऱ्हायला तर...”

“बरं, असं करू या,” मी म्हटलं आणि खडू घेतला. फळ्यावर माझ्या मोबाइलचे दहा आकडे मोठ्या अक्षरात लिहिले. “हा माझा नंबर. टॉवर जागा हवा असला की मला एक मिस्ड कॉल द्या. मी पुण्यातून उठवते त्याला.”

हशा उसळला. निजलेल्या टॉवरवरून कुठलाही फोन लागत नाही, मिस्ड कॉलसुद्धा, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मणेरीकर सर तर रुमालाने डोळे पुसत होते. पिसाळही हसले. येडगेंनी मात्र खिशातून आपला बटणांचा फोन काढला आणि फळ्याकडे बघत एकेक आकडा भरून घेतला. शेवटचे दोन पुन्हा एकदा तपासले. त्यावर हशा आणखी वाढला. मग ते खाली बसले.

अकरा आठवड्यांनी पुण्यात वरच्या साहेबांसमोर प्रयोगाचे निकाल मांडायचे होते. बैठक तीनला सुरू झाली. मी नवी साडी नेसले होते. चार वाजून दोन मिनिटांनी टेबलावर ठेवलेला माझा फोन थरथरला आणि थांबला. अनोळखी नंबर. मिनिटभराने पुन्हा तसंच.

“घे, महत्त्वाचा असेल,” सर हळूच म्हणाले.

“नाही सर, कुणीतरी मिस्ड कॉल देतंय,” मी म्हटलं आणि फोन उलटा ठेवला. पडद्यावर एकवीस पूर्णांक चार टक्के असा आकडा आला तेव्हा वरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

सातच्या सुमाराला पिसाळांचा फोन आला.

कारवीसड्याच्या पेटीत बारीकसा बिघाड झाला होता. येडगे सकाळीच वर गेले. दहाला पाच मिनिटं कमी असताना, टॉवर जागा होता तोवर, त्यांनी घरी चढल्याची रिंग दिली. मग टॉवर निजला आणि नियमाप्रमाणे ते चढले. पेटी दुरुस्त केली. उतरताना वीस-बावीस फुटांवर गंजलेली पायरी निघाली. ते खाली कातळावर पाठीवर पडले. अकरा वाजले असतील. चार वाजून पाच मिनिटांनी हौसाबाईंच्या फोनवर दोन रिंगा आल्या, तोपर्यंत ते तिथेच होते.

पिसाळ म्हणाले, “माणूस जिवंत आहे मॅडम. पण कंबरेखाली जाणीव राहिली नाही.”

महिनाभराने मी आणि पिसाळ कारवीसड्याला गेलो. तोवर मी कंपनीला माझा तांत्रिक अहवाल दिला होता. त्यात एक वाक्य होतं: टॉवर नियोजित निद्रेत असताना त्या क्षेत्रातून कोणताही कॉल-प्रयत्न नोंदलेला नाही. हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. ज्याने नोंद केली असती तो कान मी काढून टाकला होता. आता एका कागदावर येडगेंची सही हवी होती. एकट्याने चढण्याचा निर्णय माझा स्वतःचा होता, असं त्यावर लिहिलेलं होतं.

येडगे पडवीत बाजेवर होते. पायांवर गोधडी. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. जुन्या सवयीने केला असावा, कारण लगेच ओशाळून ते परत आडवे झाले.

“च्या टाक गं म्याडमना,” ते म्हणाले.

हौसाबाई जागच्या हलल्या नाहीत. खांबाला टेकून त्या माझ्याकडे बघत होत्या.

“पयलं कसं हुतं,” त्या सावकाश बोलायला लागल्या, “तासभर रिंग आली न्हाई की मला कळायचं. म्या निगायची. तुमी टावर निजवला तवापास्नं चार वाजंस्तवर रिंग येतच न्हाई. रोजच येत न्हाई. मग त्या दिशी न्हाई आली ती कशापायी, हे म्या कसं वळखायचं? म्या म्हशीमागं हुते, म्याडम. त्येंच्यापास्नं हाकंभर लांब न्हवते, पर वारं उलटं हुतं.”

पिसाळांनी घसा खाकरला. मी पर्समधून कागद काढला.

“आन् ह्ये बघा,” असं म्हणत हौसाबाईंनी कोनाड्यातून नवऱ्याचा फोन आणला. त्याची काच तडकली होती. बटणं दाबून त्यांनी लावलेल्या नंबरांची यादी काढली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. त्या फोनच्या यादीत वीसच नंबर मावत. सगळ्यात वर ‘हौसा’ असं एकदा होतं. त्याखाली एकोणीस वेळा एकच नाव होतं. ‘टावर उठवा’.

“धा वेळा लावला का शंभर वेळा, कुणाला ठावं. त्यात एवढंच बसतंय,” त्या म्हणाल्या. “ह्यो कुणाचा नंबर हाय?”

पिसाळांनी वाकून पाहिलं. नावाखाली दहा आकडे होते. त्या दिवशी हॉलमध्ये ते हसले होते, पण नंबर काही त्यांनी लिहून घेतला नव्हता.

“कुणाचा आहे, मॅडम?” त्यांनी विचारलं.

मी आकडे वाचले. पूर्ण वाचले, कारण तेवढा वेळ मिळत होता.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “कंपनीची एखादी जुनी हेल्पलाइन असेल.”

येडगेंनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते अवघडले होते, पाहुण्याच्या हातून घरातली वस्तू फुटली की घरच्या माणसाला व्हावं तसे.

“ठिव त्यो फोन, हौसा,” ते म्हणाले. “म्याडम म्हणत्यात न्हवं, हेल्पलाइन आसंल.”

हौसाबाईंनी फोन ठेवला नाही. त्यांनी एक बटण दाबलं. चार वाजून गेले होते. टॉवर जागा होता.

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला आणि हौसाबाईंनी तोडला. त्यांना तेवढं पुरेसं होतं. पिसाळ चपला घालायला अंगणात गेले आणि बराच वेळ चपलाच घालत राहिले.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी येडगेंना म्हटलं. माझा आवाज चढला होता. त्यांच्यावर ओरडावं असंच मला वाटत होतं. “तुम्ही तंत्रज्ञ आहात. निजलेल्या टॉवरवरून फोन लागत नाही, हे ठाऊक होतं तुम्हाला. सगळे हसले होते तेव्हा. मग कशाला लावत बसलात?”

“ठावं हुतं की,” ते म्हणाले. “पर तुमी येवढ्या शिकलेल्या, फळ्यावर नंबर लिवून दिला. वाटलं, बोलला न्हाईत तरी कायतरी सोय ठिवली आसंल तुमी.”

सोय होती आणि मी ती काढली, हे त्यांना सांगण्याची माझी हिंमत नव्हती. तेव्हाही नव्हती आणि नंतरही झाली नाही.

“कुठं करायची सही?” येडगेंनी विचारलं.

मी पेन पुढे केलं. हो, केलं. कागद पर्समध्ये परत ठेवता आला असता, पण मी तो बाजेच्या कडेवर पसरला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. त्यांनी कोपरावर रेलून, जीभ दातांत धरून, पूर्ण नाव लिहिलं. धाकू बमू येडगे.

ती रचना पुढे नऊ राज्यांत गेली आणि मी तिची प्रमुख झाले. काही वर्षांत बोलणं जवळपास फुकट झालं, लोक फोन उचलायला लागले, आणि मिस्ड कॉलची ती सगळी भाषा विसरली गेली. कान मी तिसऱ्या आवृत्तीत परत घातला. त्यासाठी मला कंपनीत बक्षीस मिळालं.

त्या दिवशी मी अंगणातून जीपकडे निघाले तेव्हा साडेचार झाले होते. हौसाबाई पडवीत उभ्या होत्या. मी पायरीवर उगीच रेंगाळले, पर्सची चेन उघडली, लावली, पदर सारखा केला. पिसाळांनी दोनदा हाक मारली. घाट तोच होता, आणि आदल्या दिवशी दरड कोसळून अर्धा रस्ता गेला होता.

खाली पोचला की रिंग द्या, असं या वेळी त्या म्हणाल्या नाहीत.